अखंड सूर: सनईच्या श्वासाच्या नोंदी

१६ जून २०२४, रविवार

आजपासून नोंदी ठेवतोय. काम असं आहे, आमच्या ताफ्यात अण्णा सनई वाजवतात, त्यांचा मुलगा चौघड्यावर असतो आणि मागं सूर धरायला तात्या होते. तात्यांचे पुढचे दात गेले, ओठांची पकड राहिली नाही म्हणून त्यांनी वाजवणं थांबवलं, आणि तेव्हापासून त्यांच्या जागी बॅटरीवरची सुरपेटी ठेवतोय. ती सुरात असते, थकत नाही, सगळं मान्य, पण सनईच्या मागं सनईचाच सूर पाहिजे. दोन सनयांच्या पत्त्यांचे (फुंकल्यावर थरथरणाऱ्या पातळ जिभल्यांचे) आवाज एकमेकांत मिसळले की जो भरीव नाद तयार होतो तो स्पीकरमधून निघत नाही. मी मूळचा बासरीवाला, तरी मलाही हा फरक लगेच ऐकू येतो.

ठरलंय ते असं. ३ ऑक्टोबरला घटस्थापना आहे, त्या पहाटे देवळात सूर माणसानं धरायचा, म्हणजे मी. दुसरं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अण्णांचा नातू आणि शेजारची एक मुलगी दोघं शिकतायत, त्यांच्यासाठी श्वासाचे धडे क्रमानं लिहून काढायचे. अण्णा वडलांकडं बघून बघून शिकले, हात बसलेला आहे, पण सांगायची वेळ आली की म्हणतात "गालानं दे, नाकानं घे, झालं". यात सगळं आलं खरं, पण बारा वर्षांच्या पोराला यातून नेमकं काय करायचं ते कळत नाही.

१९ जून

सुराची ओळख पोरांसाठी लिहिली. दिसायला सनईच, फक्त वरची भोकं मेणानं बुजवून पाहिजे तो षड्ज, म्हणजे सा, लावून घेतात. बोटांना काम नाही, सगळा भार श्वासावर आणि ओठांवर. पितळी नळीवर दोऱ्यानं बांधलेली दुहेरी पत्ती असते, ती कोरडी असली की बोलत नाही म्हणून वाजवायच्या आधी तोंडात धरून भिजवायची.

सनई वाजवणारा दोन तानांच्या मध्ये श्वास घेतो, तिथं क्षणभर शांतता झाली तरी गाणं अडत नाही, उलट शोभून दिसते. सूरवाल्याला अशी जागाच नाही. तो थांबला की पुढची सनई एकदम उघडी पडते. बिस्मिल्ला खाँसाहेबांची रेकॉर्डिंग आपण सगळे ऐकतो, २००१ साली त्यांना भारतरत्न मिळालं तेव्हा सनईचाच मान झाला असं वाटलं होतं, पण त्यांच्या मागं सूर धरून बसलेल्यांची नावं विचारली तर कुणालाच सांगता येणार नाहीत. हे मला फार लागतं. या कामाची सुरुवातच तिथून झाली म्हणा.

२३ जून

तोंडात नक्की काय होतं ते समजून घेतलं. श्वास छातीतून येतोय तोवर सोपं आहे. मग गाल हवेनं भरायचे, जिभेचा मागचा भाग वर उचलून मऊ टाळूला टेकवायचा, म्हणजे तोंडाची खोली घशापासून वेगळी पडते. आता गाल दाबून तोंडातली हवा पत्तीत ढकलायची आणि त्याच वेळी नाक ते छाती हा रस्ता मोकळा असल्यामुळं नाकानं पटकन श्वास आत घ्यायचा. मग जीभ खाली, परत छाती. अखंड श्वास किंवा सर्क्युलर ब्रीदिंग म्हणतात ते एवढंच. गालात मावते जेमतेम वाटीभर हवा, ती सेकंदभर पुरते, म्हणजे सगळा व्यवहार त्या सेकंदात उरकायचा.

अवघड काय आहे, तर जिभेचा मागचा भाग उचल म्हटल्यावर तो कुठं असतो हेच माणसाला माहीत नसतं. आपल्याकडं त्याला सोपा उपाय आहे. "गंगा" म्हणायचं आणि मधल्या अनुस्वारावर थांबायचं, ङ् ङ् ङ् असं. तिथं जीभ मागं टाळूला टेकलेली असते आणि नाक उघडं असतं, हीच ती जागा! त्या स्थितीत तोंड बंद करून गाल फुगवा आणि नाकानं श्वास घ्या-सोडा, गाल फुगलेलेच राहतात. मुलीला हे लगेच जमलं. नातवाचे गाल दर श्वासाला खाली बसत होते, मग त्याला नुसतं "गंगा, पंखा, शंख" म्हणायला लावलं आणि प्रत्येक अनुस्वारावर थांबवलं, संध्याकाळपर्यंत त्यालाही जमलं.

३० जून

पाण्याचा धडा. तोंडात पाणी भरायचं, ओठ आवळून बारीक धार सोडायची आणि धार चालू असताना नाकानं श्वास घ्यायचा. पाणी असलं की जीभ आपोआप मागं घट्ट बसते, कारण पाणी घशात जाऊ द्यायचं नाही हे शरीराला शिकवावं लागत नाही. पोरं अंगणात धारा सोडत होती, तुळशीला आज भरपूर पाणी मिळालं. हा धडा उभं राहूनच करायचा, मान मागं टाकायची नाही, ठसका लागला की थांबायचं.

७ जुलै

ग्लासात पाणी आणि नळी. बुडबुडे न तुटता चालू ठेवायचे. शीतपेयाच्या जाड नळीनं फार कठीण जातं कारण हवा एकदम निघून जाते, छोट्या ज्यूसच्या खोक्याला चिकटवलेली बारीक नळी घेतली की सोपं होतं. अडथळा जितका जास्त तितकी गालातली हवा जास्त वेळ पुरते.

यातूनच बासरी आणि सनईतला फरक नीट कळतो. बासरीत फुंक उघड्यावर जाते, कडेवर आपटते, समोरून काही अडत नाही, त्यामुळं हवा भराभर संपते आणि गालाच्या जोरावर सूर टिकवणं महाकठीण. सनईच्या पत्तीची फट अगदी बारीक, हवा थोडी लागते पण दाब भरपूर लागतो. म्हणून अखंड श्वास दुहेरी पत्तीच्या वाद्यावर शिकावा, बासरीवर सुरुवात करूच नये असं माझं ठाम मत झालंय.

१४ जुलै

आजचा दिवस फार कामाचा गेला, सविस्तर लिहितो.

मिस्त्री लोक लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी आणली, फळीवर यू आकारात बसवली, शेजारी मोजपट्टी चिकटवली आणि कुंकू घातलेलं पाणी भरलं. एका टोकाला फिश टँकची बारीक नळी जोडून ती ओठांच्या कोपऱ्यातून तोंडात घेतली. आता वाजवताना तोंडात किती दाब आहे ते दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या उंचीतल्या फरकावरून डोळ्यांना दिसतं.

पहिले अण्णा बसले. सूर लावला, फरक ४५ सेंटिमीटरच्या आसपास जाऊन थांबला. त्यांनी नाकानं श्वास घेतला तेव्हा पाणी जेमतेम बोटभर हललं आणि परत जागेवर आलं. मी बाजूला बसून फक्त पाण्याकडं बघत होतो, डोळे मिटून ऐकणाऱ्याला तर श्वास कधी झाला हे सांगताच आलं नसतं. मग मी बसलो. दाब तेवढाच लागला, पण श्वासाच्या वेळी पाणी धाडकन निम्म्यावर आलं आणि छातीचा श्वास परत सुरू झाला की उसळून पट्टीच्या वर गेलं. कानाला तेच ऐकू येत होतं, आधी सूर खाली बसतो आणि मग "वाँव" करून वर येतो.

पाणी बघता बघता लक्षात आलं की यात दोन सांधे आहेत. पहिला छातीकडून गालाकडं जाण्याचा, दुसरा गालाकडून परत छातीकडं येण्याचा. सगळे जण पहिल्याच सांध्याची चर्चा करतात. पहिल्या सांध्यात गाल दाबायला सुरुवात करायची ती छाती अजून ढकलत असतानाच, दोघांचं काम क्षणभर एकावर एक चढलं पाहिजे, छाती थांबल्यावर गाल सुरू केले तर मध्ये फट पडणारच. दुसरा सांधा जास्त नाजूक आहे. जीभ उघडायच्या आधी छातीचा दाब घशापर्यंत आणून तयार ठेवायचा, बंद दाराच्या दोन्ही बाजूंना सारखा दाब झाला की मगच जीभ हळू सोडायची. अण्णांचं पाणी उसळत नाही ते यामुळं. त्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "असेल बाबा, आम्ही कधी बघितलं नाही", आणि परत स्वतः वाजवून पाण्याकडं बघत बसले.

२१ जुलै, गुरुपौर्णिमा

तात्यांना घेऊन आलो, पाया पडलो, पोरांनीही पेढे दिले. त्यांच्यासमोर नळीवर करून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तू दम संपला की घेतोस. भूक लागायच्या आधी जेवायचं असतं." म्हणजे छाती अर्धी भरलेली असतानाच पुढचा श्वास उचलायचा, थोडा थोडा, सारखा. छाती रिकामी झाल्यावर घाई होते, घाईत नाक आवाज करतं आणि दाब सुटतो. धड्यांत हे पहिल्या पानावर जाणार, तात्यांचं म्हणूनच.

४ ऑगस्ट

आता नळी बाजूला, नुसती पत्ती आणि नंतर पूर्ण सूर. मोबाईलवर ट्यूनर ॲप लावलं, षड्ज काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा. श्वासाच्या वेळी सूर २०-२५ सेंट उतरत होता, म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा (१०० सेंट) जवळपास पाव हिस्सा. ऐकणाऱ्याला कदाचित चालेल पण पुढं अण्णा कोमल रिषभावर थांबलेले असताना मागचा सा हलला तर सगळंच हलतं.

दाब कमी झाला की सूर उतरतो, त्यामुळं त्या सेकंदात ओठांनी पत्ती किंचित जास्त आवळायची, दाबाची तूट ओठांनी भरून काढायची. हे सांगून येत नाही, कान आणि ट्यूनर समोर ठेवून करत राहायचं. आठवड्याच्या शेवटी सुई ८-१० सेंटच्या आत राहायला लागली. गाल मात्र दुखतात, हसताना पण दुखतात.

११ ऑगस्ट

पुढचा अडथळा, आणि याचा विचार सुरुवातीला कुणीच करत नाही. सूर चालू राहिला, श्वास मिळत राहिला, तरी काही मिनिटांनी जीव घाबरा होतो, डोकं जड होतं. हवा कमी पडतेय असं वाटतं आणि छाती तर गच्च भरलेली असते!

कारण सरळ आहे. मोठ्या माणसाच्या भरलेल्या छातीत साधारण ५ ते ६ लिटर हवा मावते आणि त्यातली लिटरभर तर कधीच बाहेर पडत नाही. पत्ती हवा थोडी खाते. आपण प्रत्येक वेळी वरून ताजा घोट घेत जातो आणि खालची वापरलेली हवा तशीच साठत जाते. गुदमरल्यासारखं वाटतं ते मुख्यतः कार्बन डायऑक्साईड वाढल्यामुळं, ऑक्सिजन संपला म्हणून नव्हे. पाश्चात्त्य ओबो वाद्याची पत्ती पण दुहेरी आणि बारीक फटीची, ते वाजवणारे श्वास घ्यायच्या आधी उरलेली हवा सोडून देतात ती याचसाठी.

अण्णांना विचारलं तर त्यांच्याकडं उत्तर तयार होतं: "एक बाहेर, एक आत." म्हणजे गालानं सूर धरलेला असताना एका वेळी नाकानं हवा बाहेर टाकायची, पुढच्या वेळी आत घ्यायची. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसलोय पण हे मला कधी दिसलं नव्हतं, कारण बाहेर टाकताना आवाजच होत नाही. हा प्रकार बसला की सूर कितीही वेळ चालतो, फक्त मधल्या काळात गाल दुप्पट वेळा कामाला लागतात. १९९७ साली केनी जी यांनी सॅक्सोफोनवर एकच स्वर ४५ मिनिटं ४७ सेकंद धरून विक्रम केला होता, तो आकडा मी पोरांना सांगितला, त्यांचे डोळे विस्फारले. आपल्या देवळातला सूरवाला पहाटेपासून आरतीपर्यंत बसायचा, त्याच्यासमोर घड्याळ घेऊन कुणी बसलं नाही एवढंच.

१८ ऑगस्ट

ऐकण्याचा दिवस. तारपा ऐकला. पालघरकडचं वारल्यांचं वाद्य, वाळलेल्या भोपळ्यात बांबूच्या दोन नळ्या मेणानं बसवलेल्या, पुढं ताडाच्या पानांचा कर्णा. नाच रात्रभर गोल फिरत राहतो, तारप्याचा आवाज तुटला तर पावलं अडतील, म्हणून तिथं अखंड श्वास हवाच. जव्हार तालुक्यातल्या वाळवंडे गावचे भिकल्या धिंडा यांना तारप्यासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळालाय. त्यांचे गाल नीट बघा, सगळा धडा तिथं आहे. तारप्यात पत्त्या भोपळ्याच्या आत असतात, ओठ पत्तीला लागत नाहीत, त्यामुळं ओठांनी सूर सावरायची सोय नाही, सगळं दाबावरच.

दक्षिणेत नादस्वरम या सनईसारख्या वाद्याच्या मागं ओत्तू धरतात, तेच आपल्या सुराचं काम, आणि तिथंही आता सुरपेटीनं जागा घेतलीय. ऑस्ट्रेलियातल्या डिजेरिडू या लांब लाकडी फुंकवाद्यावर तर डॉक्टरांनी अभ्यास केलाय, तो २००६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. झोपेत श्वास अडकणाऱ्या २५ जणांपैकी काहींना ४ महिने डिजेरिडू वाजवायला लावलं तर त्यांची दिवसाची पेंग कमी झाली आणि झोपेतलं श्वास अडकणंही घटलं. घशाचे, टाळूचे स्नायू तयार होतात म्हणून. आपण रोज जिथं जीभ टेकवतो तेच हे स्नायू.

७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

काम बंद. ताफ्याला सुपाऱ्या आहेत, सगळीकडं सुरपेटीच.

१५ सप्टेंबर

पोरांसाठी नियम लिहिले. सर्दी असेल तर सराव नाही, नाक चोंदलेलं असताना जोर केला की कानांना दडे बसतात. पोटभर जेवून लगेच बसायचं नाही. डोळ्यांपुढं अंधारी आली की लगेच सूर सोडायचा, "अजून थोडं" अजिबात नाही. पत्तीच्या वाद्यावर जोर लावताना डोळ्यातला दाबही वाढतो, त्यामुळं काचबिंदू असलेल्या किंवा हर्नियाचा त्रास असलेल्या मोठ्या माणसानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

एका पालकांनी विचारलं प्राणायाम केला तर चालेल का. चालेल, जरूर करा, श्वासपटल खाली नेऊन पोटानं श्वास घ्यायची सवय त्यातून लागते आणि ती इथं लागतेच. पण अनुलोम-विलोममध्ये पूरक, म्हणजे श्वास आत घेणं, सावकाश असतो, इथं तो टिचकी वाजवायच्या आत व्हायला हवा आणि तोही आवाज न करता. त्यामुळं प्राणायामानं सुराचा श्वास आपोआप येईल असं कुणी समजू नये.

२९ सप्टेंबर

अण्णांबरोबर पूर्ण तालीम. राग भैरव. पाण्याची नळी पुन्हा एकदा लावून बघितली, आता पाणी दोन बोटं हलतं. अण्णांचं एक. चौघडा सुरू झाला की सांधे अजिबात ऐकू येत नाहीत, पण नुसता आलाप चालू असताना दुसरा सांधा अजून अण्णांना कळतो, ते मान न वळवता भुवई उचलतात. मी श्वास त्यांच्या स्वराच्या भरात घ्यायचा असं ठरवलं, ते षड्जावर येऊन टेकले की मी हलायचं नाही.

३ ऑक्टोबर, घटस्थापना

पहाटे साडेचारला नगारखान्यात बसलो. सूर धरला तो आरतीला घंटा सुरू होईपर्यंत सोडला नाही. सनई आणि सूर एका लाकडातून निघाल्यासारखे वाजत होते, अण्णांनी आज धैवतावर इतका वेळ मुक्काम केला की मला गेल्या वर्षीचं वादन आठवून वाईट वाटलं, सुरपेटीवर ते असे कधीच थांबत नाहीत.

एक अडचण आली ती लिहून ठेवतो. खालून धुपाचा लोट वर आला. नाकानं पटकन श्वास ओढायचा म्हणजे धूर थेट छातीत, दोनदा खोकला दाबला. उद्यापासून खिडकीच्या बाजूला बसायचं, आणि पहिल्या आरतीच्या आधी पुजाऱ्यांना सांगून धुपाटणं जरा लांब ठेवायचं. सकाळच्या गारव्यात पत्तीही लवकर बोलत नव्हती, दुसरी पत्ती भिजवून कानामागं तयार ठेवली होती ती कामी आली.

तात्या खाली सभामंडपात खांबाला टेकून बसले होते.

१२ ऑक्टोबर, दसरा

नऊ दिवस सूर चालला. मधल्या दोन पहाटे अण्णांच्या नातवानं शेवटचा भाग धरला, चौघड्यासकट. त्याचा श्वास नाकात वाजतो अजून, पण सूर तुटला नाही. मुलगी पुढच्या वर्षी बसणार म्हणतेय, मला वाटतं दिवाळीपर्यंतच तयार होईल, तिचा दुसरा सांधा आत्ताच माझ्यापेक्षा स्वच्छ आहे.

२० ऑक्टोबर

धडे लिहून झाले. क्रम असा: गंगाचा अनुस्वार, पाण्याची धार, बारीक नळी, नुसती पत्ती, मेण लावलेला सूर, मग "एक बाहेर, एक आत". प्रत्येक पायरी किती दिवसांची ते मुद्दाम लिहिलं नाही, बुडबुडे तुटायचे थांबले की पुढं जायचं, बस. लेव्हल पाईपची फळी अण्णांच्या पडवीत कायमची लावून टाकली.

शेजारच्या गावातल्या ताफ्यातून फोन आला होता, त्यांच्याकडं पण सूर धरणारं कुणी उरलं नाही, दोन पोरं पाठवतो म्हणाले. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होईल, मग कुणालाच सवड मिळणार नाही, त्यामुळं दिवाळीच्या सुट्टीतच त्यांना बोलवलंय. सुतारांकडं पोरांच्या हाताला पेलतील असे दोन सूर करायला टाकलेत, पत्त्या अण्णा स्वतः बांधणार आहेत.